डायरेक्ट

आमच्या धंद्यात एक शब्द रोज कानावर पडतो. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं राहतं, हातातली वस्तू काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "डायरेक्ट करी दे ना भो." वस्तू गीझर असो, जीपचा हीटर असो नाहीतर इस्त्री असो, मागणी एकच. मधे जे काही अडवतंय ते काढून टाक, दोन टोकं जोड आणि चालू कर. शहाद्यात खेतिया रस्त्याला माझं दुकान आहे. गाड्यांचं वायरिंग आणि घरातलं विजेचं सामान, दोन्ही करतो. पंचवीसेक वर्षांत या शब्दाला मी शेकडो वेळा नाही म्हटलं असेल. एकदा मात्र हो म्हटलं होतं.

शहाद्यात हीटर दुरुस्त करतो म्हटलं की पुण्याकडचे पाहुणे हसतात. त्यांचंही चूक नाही. मे महिन्यात इथला पारा ४४-४५ अंशांवर जातो, टाकीतलं पाणी आपोआपच उकळल्यासारखं येतं. पण मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार लागतो, आणि त्याच सुमाराला सातपुड्यावरून वारं उतरायला लागतं. तिथून महाशिवरात्रीपर्यंत माझ्या दुकानात पंखे मागे जातात आणि गीझर, रॉड, गाड्यांचे हीटर पुढे येतात. मधले नऊएक महिने या वस्तूंकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्यामुळे उन्हाळ्या-पावसाळ्यात झालेली सगळी दुखणी थंडीच्या पहिल्या आठवड्यात एकदम माझ्याकडे येतात.

माझ्या लहानपणी घराघरांत तांब्याचा बंब होता. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घातल्या की तो अर्ध्या तासात फुरफुरायला लागायचा. बंबाची दुखणी मोजकी. नळकांड्यात काजळी धरली की धूर उलटा यायचा, आणि कुणी वेंधळेपणानं रिकामाच पेटवला तर डाग सुटून तो गळायचा. बाकी त्याला कळ नाही, काटा नाही. पाणी फार तापलं तर वाफ झाकणातून निघून जायची. बंबाला पहारेकरी लागत नव्हता, कारण तो वरून उघडा होता. हे तेव्हा कळलं नव्हतं, पुढे एका फसगतीनंतर कळलं.

१९९८ च्या जुलैमध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी आयटीआयचा वायरमनचा कोर्स करून बाहेर पडलो आणि एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. पहिले सहा महिने त्यांनी मला गीझर उघडूच दिला नाही. स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवायचा आणि आधी विचारायचं, हा त्यांचा नियम. 'पाणी तापत नाही' ही तक्रार नव्हेच, ते म्हणायचे. अजिबात तापत नाही, कमी तापतं, की उशिरा तापतं, ते काढून घे. तिन्ही वेगळी दुखणी आहेत.

अजिबात तापत नसेल तर आधी प्लगला हात लावायचा, बटण बंद करून. घरगुती गीझर बहुतेक दोन हजार वॅटचा, म्हणजे तो पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. त्याला सोळा अँपिअरचं जाड पॉइंट लागतं. लोक कन्व्हर्टर प्लग लावून तो सहा अँपिअरच्या बारक्या सॉकेटमध्ये खुपसतात. आतली पत्ती सैल होते, काळी पडते, प्लॅस्टिक वितळतं. गीझर ठणठणीत असतो आणि भिंतीतलं सॉकेट मेलेलं असतं. प्लग ठीक असेल तर कॉइल मोजायची. दोन हजार वॅटची कॉइल मीटरवर सव्वीस ओहमच्या जवळपास दाखवते. काहीच दाखवलं नाही तर ती तुटली. ती बरोबर असेल तर उरतात थर्मोस्टॅट आणि कटआउट. बटण दाबल्याबरोबर ब्रेकर पडत असेल तर कॉइलची वीज टाकीच्या अंगात उतरतेय. निम्म्या तक्रारी इतक्यातच संपतात.

उशिरा तापतं म्हणणारे जास्त दमवतात. एका जानेवारीत म्हसावद बाजूच्या एका मळ्यातून बोलावणं आलं. केळी आणि पपई लावलेले आप्पा होते. त्यांचं म्हणणं, गीझर म्हातारा झाला, पहाटे पाऊण तास लागतो, तीन हजार वॅटची कॉइल टाकून दे. मी दुपारी गेलो तर पाणी वीस-पंचवीस मिनिटांत तापलं. आप्पा चिडले, म्हणाले तू आलास की तो शहाण्यासारखा वागतो. मग मी पहाटे साडेपाचला गेलो. मीटर लावला, व्होल्टेज १८० सुद्धा नव्हतं. थंडीपासून बाग वाचवायला त्या दिवसांत रात्रभर पाणी देतात, बांधाला शेकोट्या करून धूर करतात. आसपासच्या सगळ्या मोटारी चालू होत्या, आप्पांचीही. त्यात मोटार आणि घर एकाच लांबलचक, बारीक केबलवर.

व्होल्टेज २३० चं १८० झालं की लोकांना वाटतं ताकद थोडी कमी झाली. तसं होत नाही. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. दोन हजार वॅटचा गीझर १८० वर जेमतेम सव्वाबाराशे वॅटचा उरतो. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला एरवी एकवीस मिनिटं, तेच इथे चौतीस. आणि पहाटेचं पाणी वीसहून थंड असलं की आणखी वर. मोठी कॉइल टाकली असती तर तिनं जास्त करंट ओढला असता, केबलमध्ये व्होल्टेज आणखी पडलं असतं आणि घरातले दिवे पिवळे झाले असते. घराची केबल वेगळी केली, जाड घातली. गीझरला स्क्रू ड्रायव्हरही लावला नाही. आप्पांनी पैसे दिले, पण गीझर न उघडता पैसे कसले, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आता ती फसगत. दुकान टाकून दुसरंच वर्ष होतं. सीझनची गर्दी, हाताखाली पोरगं नाही. शहरातल्याच एका घरचा गीझर वारंवार बंद पडत होता. गीझरच्या पोटात तीन पहारेकरी असतात. पहिला थर्मोस्टॅट: ठरवलेल्या तापमानाला वीज तोडतो, पाणी निवलं की जोडतो. तो चुकला तर दुसरा, कटआउट: त्यात दोन धातूंची छोटी चकती असते, ठराविक उष्णतेला ती टक्कन उलटी वळते आणि वीज कायमची तोडते, लाल बटण दाबेपर्यंत. तोही चुकला तर तिसरा, टाकीखालचा सेफ्टी व्हॉल्व्ह, वाढलेला दाब बाहेर सोडणारा. मी दोनदा जाऊन लाल बटण दाबून आलो. तिसऱ्यांदा घरमालक वैतागले, "कटआउटच खराब आहे, डायरेक्ट करून टाक." मलाही तसंच वाटत होतं. नवा कटआउट धुळ्याहून यायचा होता. मी दोन वायरी जोडल्या आणि म्हटलं, तात्पुरतं आहे, चार दिवसांत बदलतो. चारचे बारा दिवस झाले.

तेराव्या दिवशी सकाळी त्या घरच्या आजींचा फोन आला. "भो, नळमाईन वाफ येस." मी तसाच धावलो. सुनेनं बाहेरूनच हात लांबवून नळ सोडला होता. आधी थुंकल्यासारखा आवाज आला, मग वाफेचा फवारा, आणि मागोमाग भिंतीवरचा पाइप सांध्यातून निखळला. ती मोरीच्या आत उभी असती तर काय झालं असतं, ते मी आजही पूर्ण मनात आणत नाही. मी मेन स्विच पाडला, नळ, व्हॉल्व्ह कशालाच हात लावला नाही, कुणाला लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत टाकी आपोआप निवू दिली. अशा वेळी करण्यासारखं तेवढंच असतं.

संध्याकाळी उघडलं तेव्हा सगळी साखळी समोर आली. थर्मोस्टॅटचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटले होते, म्हणजे वीज तुटतच नव्हती. कटआउट बिचारा चोख काम करत होता. तो ओरडत होता आणि मी प्रत्येक वेळी त्याचं तोंड दाबत होतो, शेवटी त्याची जीभच कापली. आणि तिसरा पहारेकरी? सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली होती. कधीतरी तो टपकतो म्हणून घरच्यांनीच बसवली होती. खरं तर त्यानं टपकायलाच हवं. पंधरा लिटर पाणी तापताना फुगतं, ते फुगणं जवळपास पाव लिटर भरतं. मागे जायला वाट नसेल तर ते पाणी व्हॉल्व्हमधून ठिपकत बाहेर येतं. बंब उघडा होता, म्हणून निर्धास्त होता. गीझर बंद डबा आहे, म्हणून त्याला तीन-तीन राखणदार. त्यातला एक आपणहून मेला, एक घरच्यांनी मारला, एक मी.

मी त्यांचे पैसे परत केले, नवा गीझर माझ्या खर्चानं बसवला. त्या वर्षीची सीझनची कमाई त्यात गेली. त्याहून जास्त म्हणजे 'तात्पुरतं' हा शब्द मी दुकानातून काढून टाकला. सुटा भाग मिळेपर्यंत गीझर बंद राहील, तोवर चुलीवर तापवा. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर जाऊ दे.

त्याच गीझरनं आणखी एक शिकवलं. टाकीतून दोन ओंजळी पांढरा चुरा निघाला होता. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. जमिनीतून विरघळून आलेला चुना पाणी तापलं की खाली बसतो आणि सर्वांत आधी बसतो सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलवर. मग कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही, ती आतल्या आत भाजते. गीझरमधून खदखद, कडकड आवाज येऊ लागतो. लोक म्हणतात आत काहीतरी उकळतंय. पाणी जितकं कडक तापवाल तितका थर लवकर धरतो, म्हणून मी काटा पन्नास-पंचावन्नवर ठेवून देतो. शिवाय टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यानं टाकीचा पत्रा खाऊ नये म्हणून ती स्वतःला खाऊ देते. त्या गीझरमध्ये तिची नुसती तार उरली होती. ती एक-दोन वर्षांनी बदलावी लागते हे गिऱ्हाइकाला सांगितलं की ते माझ्याकडे संशयानं बघतं, जणू मी कांडी विकायलाच बसलोय. मी दिवाळीआधी गीझर उघडून लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं कॉइल धुऊन घ्यायला सांगतो. दहा जणांतले दोन ऐकतात.

डायरेक्टचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जीवघेणा प्रकार पाण्याच्या रॉडमध्ये दिसतो. रॉडच्या तांब्याच्या नळीत मधोमध तार असते, भोवती पांढरी पूड ठासलेली. ती पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. नळीला चीर गेली, ओल शिरली की पूड वीज अडवायची थांबते. तेव्हा वाचवणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग. आणि नेमकी प्लगची वरची जाड पीन तोडून तो दोन भोकांच्या बोर्डात घातलेला मी कितीदा पाहिलाय. ती पीन इतर दोघींपेक्षा लांब उगाच केलेली नाही. प्लग घालताना ती आधी लागते, काढताना शेवटी सुटते, म्हणजे वीज आत असेपर्यंत राखण चालू. आमच्याकडे आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. काळी जमीन उन्हाळ्यात फुटभर भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडून पाट्यापासून सुटते. वायर जागेवर दिसते, अर्थिंग मात्र मेलेली असते. म्हणून मे महिन्यात खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, असं मी सांगत फिरतो. लोकांना वाटतं मी कुठलं तरी व्रत सांगतोय. पाण्यात बोट घालून ते तापलं का बघायचं असेल तर आधी प्लग काढायचा, हे मात्र आता शाळेतली पोरंही मला म्हणून दाखवतात.

गॅस गीझर आले तेव्हा मला वाटलं, विजेची कटकट गेली. त्याच्या तक्रारी सोप्या. पेटत नसेल तर आधी दोन सेल बदला, कारण ठिणगी त्यांच्यावर चालते. पेटून विझत असेल तर पाण्याचा जोर बघा; टाकी फार उंच नसली की पाण्याच्या दाबानं आतला पडदा पुरता उचलला जात नाही आणि गॅस उघडत नाही. पण एकदा एका घरी ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली. न्हाणीघरात डोकं जड होतं, अशी वहिनींची तक्रार. वर पाहिलं तर गार वारा येतो म्हणून खिडकीच्या झडपा चिकटपट्टीनं बंद केलेल्या. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहतो, त्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून घट्ट धरतो. माणूस घाबरतही नाही, नुसता पेंगतो. मी चिकटपट्टी तिथल्या तिथे ओढून काढली आणि गीझर बाहेरच्या भिंतीला हलवेपर्यंत गॅस सोडू दिला नाही. खिडकी बुजवणं हेही डायरेक्टच की. गार वारा नको म्हणून राखणदार हाकलला.

गाडीचा हीटर शहाद्यात कुणी विचारत नाही, जोवर गाडी घाटात जात नाही. धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचे गुरुजी एका जानेवारीत जीप घेऊन आले. तोरणमाळच्या घाटात पहाटे समोरची काच आतून धुकटते, पुसायला एक पोरगा शेजारी बसवावा लागतो. हीटर लावला तर गार वारा येतो. तोरणमाळ हजार मीटरहून उंच. खाली आम्ही स्वेटर काढतो तेव्हा तिथे शेकोटी पेटते.

गाडीचा हीटर स्वतः काही तापवत नाही. इंजिन थंड करून आलेलं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं, पंखा त्यावरून वारा ढकलतो. त्यामुळे निदानाला हात पुरतो. इंजिन तापू द्यायचं आणि जाळीकडे जाणारे दोन्ही होज पाइप चाचपायचे. एक गरम, एक गार असेल तर जाळी तुंबली. दोन्ही गरम असून वारा गार असेल तर आतली झडप किंवा तिची केबल अडकली. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच तापत नाही किंवा पाणी कमी आहे. गुरुजींचे दोन्ही कोमट. पाणी पुरेसं होतं. थर्मोस्टॅटचं घर उघडलं, आत काहीच नाही. नुसता खड्डा.

"वॉल्व कुठे गेला, गुरुजी?"

"मे महिन्यात गाडी गरम होत होती. गॅरेजवाल्यानं काढून डायरेक्ट करून दिलं."

थर्मोस्टॅटच्या वॉल्वमध्ये छोट्या पितळी कुपीत मेण असतं. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना ते वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तोवर पाणी इंजिनातच फिरवून ते लवकर तापवतं. वॉल्व काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरला जातं. मेमध्ये बरं वाटतं. जानेवारीत घाटात इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त खातं, हीटरला द्यायला ऊब उरत नाही. आणि गाडी गरम होण्याचं खरं कारण? रेडिएटरच्या जाळीत कापसाचा तूस आणि धूळ बसून गादी झाली होती. आत बोअरचं पाणी घातल्यामुळे गीझरमधला तोच पांढरा चुना. वीस मिनिटांच्या धुलाईचं काम होतं. त्याऐवजी राखणदाराचा बळी गेला.

नवा वॉल्व बसवला, रेडिएटर आतून-बाहेरून धुतला, हीटरची जाळी उलट्या दिशेनं पाणी सोडून साफ केली, कूलंट भरलं. गाडीचं तोंड चढावर करून आत अडकलेली हवा काढली. जाताना गुरुजींना दोन गोष्टी सांगितल्या. काच धुकटली की हीटरबरोबर एसीही लावा. एसी हवेतली ओल काढतो, हीटर काच तापवतो. आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद ठेवा, नाहीतर माणसांच्या श्वासाची वाफ गाडीतच राहते. शिवाय कधी गाडीत गोडसर वास आला आणि काचेवर तेलकट धुकं धरलं, तर जाळी गळतेय, तसंच दामटू नका.

चाचा आता नाहीत. पोरं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा मीही आधी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवायला लावतो. त्यांना मी एवढंच सांगतो की या सामानात दोन प्रकारचे भाग असतात. काही काम करतात, काही थांबवतात. काम करणारा भाग बिघडला की वस्तू बंद पडते, सहसा कुणाला इजा होत नाही. थांबवणारा काढून टाकला की वस्तू झकास चालते, आणि तीच भीतीची गोष्ट. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश, महिना-दोन महिने सगळं ठीक.

दर मार्गशीर्षात मी त्या आजींच्या घरी जातो. पैसे घेत नाही, बोलावण्याची वाट बघत नाही. प्लग बघतो, अर्थिंग बघतो, सेफ्टी व्हॉल्व्हची कळ उचलून पाहतो. आजी आता नव्वदीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं. गेल्या वर्षी गेलो तर गीझरखाली त्यांनी पितळी लोटी ठेवलेली. तिच्या तळाला बोटभर पाणी साठलं होतं. मला ती दाखवत म्हणाल्या, "टपकस, भो. जागा शे ना तो?"

"जागा आहे, आजी," मी मोठ्यानं म्हटलं, आणि लोटी तुळशीत रिकामी करून परत जागेवर ठेवली.